थुंकी लावून मारलेली गाठ

"थूंक लगाया इसने! मैंने अपनी आँख से देखा, थूंक लगाया!"

गॉगल डोक्यावर चढवलेली ती बाई ओरडत होती. बोट माझ्या बापाकडे. आबा दोरीच्या आत, मागाजवळ उभे होते. हात अर्धवट वर उचललेले, चिमटीत अजून धाग्याचं टोक. सिक्युरिटीवाल्याने मागून त्यांची कॉलर धरली आणि ओढली. लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट. वरचं बटण तुटून फरशीवर पडलं. तीसचाळीस माणसं बघत होती. निम्म्यांचे मोबाइल वर.

आबांना काय चाललंय ते कळत नव्हतं.

"काय व्हयनं?" ते म्हणाले. मोठ्याने. ते नेहमीच मोठ्याने बोलतात.

"चिल्लाता क्यूं है?" सिक्युरिटीवाला त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडला.

मी पाच पावलांवर होते. हातात बसवाल्यांनी दिलेली पाण्याची बाटली. मी पुढे झाले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी फार शूर निघाले असं कोणाला वाटायला नको.

आम्ही आलो होतो ती जुनी सुरत दाखवणारी बस होती. एसी, मोठ्या काचांची. रविवारी सकाळी निघते, चौक बाजारचा किल्ला दाखवते, इंग्रजांच्या आणि डचांच्या कबरी दाखवते, जुन्या कोठ्या दाखवते, दुपारी आणून सोडते. असली बस आमच्यासाठी नसते. मी पर्वत पाटियाजवळच्या एका मार्केटात साडीच्या दुकानात कामाला होते. पुतळ्याला साडी नेसवायची, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, गोड आवाजात बोलायचं आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पाठवायचा. शेठने त्या व्यापाऱ्यांसाठी आणि त्यांच्या बायकांसाठी बसचे पास काढले होते. दोन उरले. ते मला दिले आणि म्हणाले, मेहमानांकडे जरा लक्ष ठेव.

माझी गुजराती अशी की समोरच्याला शंका येत नाही. हिंदीही तशीच घासून घेतलेली. दुकानात कोणी विचारलं कुठे राहतेस, तर मी "पाटियाजवळ" सांगायचे. गोडादरा कधी सांगितलं नाही. गोडादरा म्हटलं की लोकांना पुढचं सगळं आपोआप कळतं. लूमवाले, खानदेशी, एका खोलीत सहा जण. मग आडनाव विचारतात, आणि आडनाव कळलं की आवाज बदलतो. मी त्या आवाजाला घाबरत होते. दुकानातली आठही वर्षं घाबरत होते.

आबा धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हा माझा जन्मही नव्हता. तेव्हापासून संचा खात्यात. संचा म्हणजे लूम, आणि खातं म्हणजे एका पत्र्याखाली ओळीने लूम लावलेला कारखाना. बारा तासांची पाळी. तिथे आवाज असा की आत गेलं की छाती हलते. त्यात आबांचे कान गेले. आमच्या गल्लीत सगळ्यांचेच गेलेत, म्हणून गल्लीतले सगळे टीव्ही भांडल्यासारखे वाजतात. पण खात्यातली माणसं कानांवर अवलंबून नसतात. ती ओठ बघतात. चार ओळी पलीकडून एकाने तोंड हलवलं की इकडच्याला कळतं, शेठ आला, किंवा बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, संपला, किंवा आज डब्यात काय आहे. मराठी, गुजराती, उडिया, काहीही. मायने चुलीपाशी माझ्या कानात काही सांगितलं तरी आबा खाटेवरून हसायचे. आमच्या घरात आबांपासून काही लपलं नाही.

त्या वर्षी खात्यात नवीन मशिनं आली. आबांसारखे जुने कारीगर घरी बसवले. चार महिने आबा उंबऱ्यात बसून होते. बिडी नाही, पत्ते नाहीत, नुसते बसून. दुसरा पास मी त्यांना दिला. जरा फिरतील म्हणून. आणि खरं सांगायचं तर एवढी वर्षं या शहरात काढून त्यांनी चौकचा किल्ला आतून पाहिलेला नव्हता, याची मलाच लाज वाटायची.

बस यायच्या आधी मी त्यांना बजावलं. बसमध्ये अहिराणी बोलायची नाही. मोठ्याने बोलायचं नाही.

"मंग मी काय बोलू?" आबांनी विचारलं.

मी म्हटलं, नका बोलू काही.

आणि ते खरंच बोलले नाहीत. किल्ल्यात बोलले नाहीत. तोफेवरून हात फिरवला, खिशातून रुमाल काढून हात पुसला. व्यापाऱ्यांच्या बायका सेल्फी काढत होत्या तेव्हा भिंतीला चिकटून उभे राहिले, कोणाच्या फोटोत येऊ नये म्हणून. फक्त कबरींच्या तिथे त्यांना राहवलं नाही. इंग्रज साहेबांच्या त्या कबरी म्हणजे दुमजली इमारती. घुमट, खांब, जिने. आबांनी मान वर करून बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले:

"मरेल मानूसले इतलं मोठं घर?"

गाइड बोलत होता तो थांबला. सगळ्यांनी वळून बघितलं. ती गॉगलवाली बाई, आमच्या दुकानाच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची बायको, हसली. मी आबांच्या दंडाला चिमटा काढला. जोरात काढला. लहानपणी ते मला रस्ता ओलांडताना तिथेच धरायचे. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, चुकलं माझं, अशी.

शेवटी कोठी, म्हणजे जुनी वखार. जुन्या शहरातली, रंगरंगोटी करून नवी केलेली. साहेबांचा माल म्हणे इथे उतरायचा. आत एका दालनात हातमाग ठेवला होता, चारी बाजूंनी लाल दोरी. मागावर अर्धं विणलेलं जरीचं कापड. गाइडने माइक तोंडाशी घेतला. सुरतेच्या कापडासाठी सात समुद्रांवरून जहाजं यायची, तो म्हणाला. इंग्रज आले, डच आले, फ्रेंच आले, सगळे या धाग्यासाठी आले. आमच्या विणकरांच्या बोटांत जादू होती. त्यांची नावं इतिहासाने लिहिली नाहीत. चला, त्या अनाम कारागिरांसाठी एकदा जोरदार टाळ्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या.

टाळ्या वाजवता वाजवता त्यांची नजर मागावर गेली. ताण्यातला एक धागा तुटला होता. टोक मागे लोंबत होतं. मला दिसलंही नव्हतं. तिथे कोणालाच दिसलं नव्हतं, कारण तिथे कोणालाच ते बघता येत नव्हतं. ज्याने आयुष्य तुटके धागे शोधण्यात घालवलं त्याला मात्र दुसरं काही दिसेना. खात्यात एक धागा तुटलेला राहिला की कापडावर शेवटपर्यंत रेघ उमटते आणि शिव्या कारीगराला पडतात. तिथे विचार करायला वेळ नसतो. हात आपोआप जातो. आबांचा गेला. त्यांनी दोरी ओलांडली, खांबाला अडकवलेल्या जादा धाग्यांतला एक ओढून घेतला, बोटं जिभेला लावली, धागा ओला करून पीळ दिला आणि गाठ मारली. डोळ्यांची पापणी लवेपर्यंत. ही गाठ कोरडी बसत नाही. कोणत्याही लूमवाल्याला विचारा.

तेवढ्यात ती बाई ओरडली.

गाइड हुशार होता. वातावरण बिघडतंय हे त्याने ओळखलं. माइकवर म्हणाला, "देखिए, मैंने बोला था ना, सूरत के बुनकर! लाइव डेमो मिल गया आपको."

सगळे हसले. मोकळे होऊन हसले. माझ्याशेजारचा एक व्यापारी हसताना माझ्याकडे बघत होता, म्हणून मीही हसले. दात दाखवून. ते हसू मला अजून तोंडावर जाणवतं. चूळ भरून जात नाही.

कोठीचा मॅनेजर आला. त्याने रबरी हातमोजे मागवले. सॅनिटायझर मागवलं. मग कात्री. आबांना कात्री दिसली तेव्हा त्यांना पहिल्यांदा काहीतरी कळलं.

"काटो मत साब," ते म्हणाले, "गाँठ पक्की है. काटोगे तो बिगड़ेगा."

मॅनेजरने त्यांच्याकडे बघितलंही नाही. गाठ कापली. दोन बोटांत धरून कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. धागा पुन्हा मागे लोंबायला लागला. मघा टाळ्या वाजवणारे ते सगळे समाधानाने बघत होते, पाल मारून बाहेर टाकल्यावर बघतात तसे.

आम्हाला ऑफिसात नेलं. मॅनेजर टेबलामागे. गॉगलवाली बाई दारात, हाताची घडी घालून. आबांना पंख्याखाली उभं केलं. खुर्च्या होत्या, पण कोणी बस म्हणालं नाही. मॅनेजरने माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. तुम्हाला गुजराती लिहिता येतं ना, लिहा, मी सांगतो. मी लिहायला बसले. त्याने सांगितलं ते सगळं लिहिलं. मी एक अडाणी मजूर आहे. माझ्या गलिच्छ सवयीमुळे मी मौल्यवान वस्तू बाटवली. मला माफ करावं. मी पुन्हा कधी इथे पाय ठेवणार नाही. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

मग त्याने विचारलं, "आ तमारा कोण थाय?"

हे तुमचे कोण.

दारात ती बाई. तिचा नवरा उद्या शेठला फोन करणार. मी कागदावरून मान वर केली आणि म्हणाले, "कोई नहि. बाजुमां रहे छे."

कोणी नाही, शेजारी राहतात. हळू म्हणाले. पंखा खडखडत होता, आबा सातआठ हात लांब होते, त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण मान वर केली तेव्हा माझं तोंड त्यांच्याकडे होतं.

मी त्यांचे डोळे बघितले. ते माझ्या ओठांवर होते.

बरेच दिवस मी स्वतःला समजावलं की त्यांना कळलं नसेल. पण कळलं होतं, कारण लगेच ते टेबलापाशी आले आणि मॅनेजरला म्हणाले, "हां साब. मैं इनके बाजू में रहता. मैडम का मेरा कुछ नहीं."

माझं खोटं त्यांनी उचलून धरलं. मला वाचवायला. माझ्या बापाने मला सांभाळून घेतलं, तेही मी त्याला नाकारल्यानंतर.

मॅनेजरने विचारलं, "सही आवडे छे के अंगूठो?"

आबांना सही येते. मी तिसरीत होते तेव्हा माझ्या पाटीवर त्यांनी ती गिरवून गिरवून शिकून घेतली. पुढे माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर केली, पाळी संपवून, तेलकट बोटांनी, जीभ दातांत धरून. बँकेत करतात. मतदानाला करतात. अंगठा लावायला सांगितलं की चिडतात.

"अंगूठा साब," आबा म्हणाले.

माझ्याशी नातं नसलेला माणूस अडाणीच असायला हवा ना. मग ते अडाणी झाले. मी लिहिलं होतं तसे. मॅनेजरने शाईचा पॅड पुढे केला. आबांनी अंगठा दाबला, उचलला, कागदाकडे नेला.

मी त्यांचं मनगट धरलं.

आधी काही ठरवलं नव्हतं. हात गेला. अंगठा कागदाच्या बोटभर वर होता. आबा मनगट सोडवायला लागले, हळूच, कोणाला दिसू नये असं. मी सोडलं नाही.

"ये मेरे बाप हैं," मी म्हणाले. मग ते पुरेसं वाटेना. मी ओरडले, आमच्या गल्लीत ओरडतात तसं, "मी यासनी आंडेर शे! आंडेर! बेटी!"

मॅनेजर म्हणाला, मॅडम, धीरे.

"धीरे नहीं. बाहर तुमने मरे हुओं के लिए तालियाँ बजवाईं. ये जिंदा है तो इसकी कॉलर पकड़ी." मग मी दारातल्या बाईकडे वळले. "और जो साड़ी आपने पहनी है ना, उसमें भी हमारा थूंक है. एकेक धागे में है. उतारोगी?"

तिने पदर सावरला. नकळत, पण सावरला.

मी कागद फाडला. आधी दोन तुकडे, मग चार. मॅनेजर पोलीस म्हणाला, केस म्हणाला. पण पुढची बस आली होती, त्याला दारात उभं राहून स्वागत करायचं होतं. त्याने सिक्युरिटीवाल्याला सांगितलं, हाकल यांना. आमची बस आम्हाला न घेता निघून गेली. मी आबांना घेऊन सिटी बसने आले. आबा खिडकीशी बसले होते. निळा अंगठा मुठीत लपवलेला. मी हात लावला तर त्यांनी मूठ मांडीखाली घेतली.

इथपर्यंतचं सांगितलं की लोक म्हणतात, शाब्बास, बरं सुनावलंस. मला त्या शाब्बासकीचा राग येतो. माझा नकार उशिरा आला. तो आला तेव्हा आबांनी जे वाचायचं ते वाचून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठने दुकानात शिरू दिलं नाही. मी आता मायबरोबर घरी बसून साड्यांचे धागे कापते. माय एकदाच म्हणाली, "तू त्याले तठे कसाले लई गयी व्हती?" तिथे त्यांना नेलंच कशाला.

आणि आबा. आबा माझ्याशी भांडले नाहीत, रुसले नाहीत. जेवायला बोलावलं की येतात. पण माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. मी बोलायला लागले की त्यांची नजर खाली जाते, ताटावर, चपलांवर, कुठेही. ज्या माणसाला ओठांवरूनच ऐकू येतं त्याने नजर खाली घातली की बोलायला जागाच राहत नाही. मी माफी मागितली. ओरडून मागितली, तीनदा. सगळ्या गल्लीने ऐकली. आबा म्हणाले, "माले आयकू येत नही."

पंधरा दिवसांनी कोठीच्या मॅनेजरचा फोन आला. आवाज गोड. कोणीतरी काढलेला व्हिडिओ पसरला होता. लोक विचारतायत, तो गाठ मारणारा काका कुठाय. दर रविवारी येतील का? मागावर बसायचं. पागोटं आणि अंगरखा आम्ही देऊ. थुंकी वगैरे नाही हं, पाण्याची वाटी ठेवू. आणि ते लेटर तेवढं पुन्हा लिहून अंगठा घेऊन या, फाइलला लागतं.

फोन चालू असताना आबा समोरच होते. मी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी उंबऱ्याकडे बघत ऐकलं. माफी ऐकू आली नव्हती, हे बरोबर आलं.

"तू लिखी दे," ते म्हणाले. "मी अंगठा देसू. बठी बठी काय करू?"

मी मॅनेजरला म्हणाले, "लेटर नहीं मिलेगा." तो म्हणाला, सोच लो, रविवारपर्यंत टाइम आहे.

सोचून झालंय. आबा जातील, मला माहीत आहे. रिकामे हात त्यांना सोसत नाहीत. पत्र लिहून देणारा गल्लीत दुसरा कोणीही सापडेल. अंगठाही उठेल. मी त्यांना अडवू शकत नाही, आणि तो हक्क मी त्या ऑफिसात गमावला. पण माझ्या बापाला अडाणी, गलिच्छ म्हणणारं एक अक्षरही माझ्या हातून उतरणार नाही. कोणत्याही भाषेत नाही, कोणत्याही पोटासाठी नाही. आणि पागोटं घालून ते त्या मागावर बसले, तर दर रविवारी मी तिथे असेन. गाइडने अनाम कारागीर म्हटलं की मी त्यांचं नाव घेईन, आडनावासकट. गावाचं, गोडादऱ्याचं, सगळं. मला बाहेर काढतील. मग मी दारात उभी राहीन आणि बसमधून उतरणाऱ्या एकेकाला सांगेन, आत बसलाय तो माझा बाप आहे.

तो माझ्याकडे बघो न बघो.